लग्नपत्रिकांची जीप

लग्नाची पत्रिका हातात आली की आतली नावं वाचायच्या आधी मी ती अंगठा आणि बोटात धरून जराशी वाकवून बघते. ही सवय मूळची माझी नाही. डोंबिवलीला एमआयडीसीच्या निवासी भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर मी साडेचार वर्षं भाड्याने राहिले, त्या घराच्या मालकांची ती सवय. पत्रिका पातळ निघाली की ते ती टीपॉयवर टाकायचे आणि काकूंना म्हणायचे, "तू एकटी जाऊन ये." जाड, कडक, दोन घड्यांची निघाली की चेहरा खुलायचा. मुलगा कोण, मुलगी कुठली, काही न बघता जाहीर व्हायचं, "या लग्नाला दोघं जाऊ." आणि जेवणं झाली की हे गृहस्थ यजमानांना बाजूला घेऊन, वाटून उरलेल्या पत्रिका आहेत का, असं विचारायचे. काकू तोपर्यंत चपला घालून बाहेर उभ्या राहिलेल्या असायच्या.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीची पत्रिका आली. मी वाकवून बघितली. चांगली दणकट होती, काकांनी दहा तरी मागून घेतल्या असत्या. मग लग्न कुठे आहे ते वाचलं आणि पत्रिका पर्समध्ये टाकून दिवसभर कामात डोकं घातलं. त्या लग्नाच्या लॉनच्या दाराशी काकांची जीप उभी असते.

मी त्यांना काका म्हणायचे, गल्ली त्यांना जीपवाले म्हणायची. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. मीही वागळे इस्टेटमध्येच, पण मशीनच्या आवाजापासून लांब, काचेच्या आत, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला. कधी न बघितलेल्या मशीनचे ब्रॅकेट काढायचे, परदेशी पाठवायचे, दुरुस्त्या आल्या की परत काढायचे. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माझ्यात बोलायचंही त्राण उरत नसे. फाटक उघडलं की अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली जीपच्या पोटातून बाहेर आलेले दोन पाय दिसायचे. चपलांच्या आवाजावरून त्यांना कळायचं.

"आलीस? बॅटरी धर जरा."

खांद्याला पर्स, हातात डबा, आणि मी उकिडवी बसून बॅटरी धरायचे. पाच मिनिटं म्हणता म्हणता पाऊण तास जायचा. रोज ठरवायचे, उद्या मागच्या जिन्याने वर जायचं. मागे जिना नव्हता.

जीप लष्कराच्या लिलावातली. टेम्पोतून आली तेव्हा तिला गाडी म्हणायला मोठं मन लागलं असतं. मूळ इंजिन मेलेलं होतं, म्हणून काकांनी कुठल्याशा टेम्पोचं डिझेल इंजिन मिळवलं. एकाचं काळीज दुसऱ्याच्या छातीत बसवायचं म्हणजे आजूबाजूचं सगळं नवीन करायला लागतं. इंजिनाचे पाय, पेडल, पाइपांच्या पट्ट्या, सगळं. यातलं बरंचसं बाजारात जुळवून मिळालं असतं. पण बाजाराचं नाव काढलं की ते म्हणायचे, "विकत आणलेला पार्ट बसवतात. मला बनवायचाय."

बनवायची त्यांची रीत ठरलेली. आधी प्रत्येक पार्ट पुठ्ठ्याचा. आणि पुठ्ठा लग्नपत्रिकेचाच, कारण बाकी सगळे पुठ्ठे, त्यांच्या मते, खोटं बोलतात. वाकवलं की वाकतात आणि सोडलं की विसरतात. पत्रिका कापायची, वाकवायची, जागेवर धरायची, काढायची, परत कापायची. नीट बसली की मगच लोखंडाला हात. "माप घे, चहा घे, परत माप घे," हे त्यांचं पालुपद, आणि त्यातला चहा काकूंनी करायचा असे. शेडमध्ये तारेवर कपड्यांच्या चिमट्यांनी असले शेकडो तुकडे लटकवलेले. कुठे अर्धा गणपती, कुठे सोनेरी अक्षरांत "आमच्या येथे श्रीकृपेकरून", कुठे नुसतंच "चि. सौ. कां.".

पार्टांना नावंही त्यावरूनच पडलेली. "ते बदलापूरवाल्यांचं लग्न आण गं," म्हटलं की मागच्या बंपरची पट्टी द्यायची. काकू पाहुण्यांना अगदी सरळ चेहऱ्याने सांगायच्या, "आमच्या वन्संच्या मुलाचं लग्न ब्रेकच्या पायाशी आहे." एकदा कुणा जोडप्याचं फाटलं असं कानावर आलं. त्यांच्या पत्रिकेवरून बेतलेली गिअरबॉक्सजवळची अख्खी पट्टी काकांनी काढून नवीन केली. वर म्हणाले, "उगाच रिस्क नको."

आणखी एक खूळ होतं. पार्ट तयार झाला की पंच ठोकून ते त्यावर आकडा उठवायचे. तो बनवायला किती दिवस लागले, तो आकडा. टोइंगच्या हुकावर सहा. क्लचच्या पेडलवर अकरा. डॅशबोर्डच्या पाठीमागे चौतीस, कारण मध्ये त्यांना टायफॉइड झाला होता.

"काका, तापात कुठे काम केलंत? ते दिवस कशाला धरता?"

"मी झोपलो होतो. पार्ट तर वाट बघत होता ना?"

मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

टीव्हीच्या वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेल पाजलेला पोलादाचा एक ठोकळा असायचा. कारखाना बंद झाला तेव्हा निरोपाला सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं दिली. काकांनी घड्याळ परत केलं आणि टूलरूमच्या रॅकवरचा तो ठोकळा मागितला. दसऱ्याला माप घ्यायच्या व्हर्नियरच्या शेजारी त्यालाही झेंडूचं फूल मिळायचं. एवढी वर्षं तो कापला नव्हता. त्याच्या लायकीचा पार्ट अजून आलेला नाही, असं सांगायचे.

तो पार्ट आला, आणि तो मी घालवला. हे लिहायला मी इतकी वर्षं का लावली, ते मला ठाऊक आहे.

काकांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसणं हळूहळू कमी होत जाईल, गाडी चालवायची हौस असेल तर यंदाच भागवून घ्या, पुढच्या तपासणीनंतर काय म्हणेन सांगता येत नाही. काकांची हौसही फार नव्हती. आमच्याकडे नवी गाडी घेतली की लोक टिटवाळ्याला गणपतीपुढे नेतात, हार घालतात, नारळ फोडतात. काकांना तेवढंच करायचं होतं. स्वतः चालवत जायचं, शेजारी काकू, टिटवाळा, आणि परत. मग जीप भंगारात गेली तरी चालेल, असंही एकदा म्हणाले, पण ते खोटं होतं.

तपासणीला दोनएक महिने होते आणि एकच पार्ट राहिला होता. नव्या इंजिनाने जागा खाल्ल्यामुळे स्टिअरिंगची पेटी पुढे सरकवायला लागत होती, आणि तिला चॅसीशी धरून ठेवणारा ब्रॅकेट नवा करायचा होता. सगळ्या गाडीचं वळणं त्याच्यावर. काकांनी फळीवरून ठोकळा खाली काढला. मी बघत होते. त्या दिवशी मी थकलेली नव्हते, की होते आणि वर मिजास होती, कोण जाणे. म्हटलं, "काका, पुठ्ठा कशाला आता? सगळी मापं द्या, मी कॉम्प्युटरवर काढून आणते. माझं रोजचंच काम आहे."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं, माझ्या कामाची छाप पडली.

चार दिवसांत मी ड्रॉइंग आणून दिलं, मोठ्या कागदावर, ठळक रेघांत. काका तो कागद आणि ठोकळा घेऊन शहाडला गेले, तिथे त्यांच्या जुन्या मित्राचं मशीन होतं. रोज सकाळी जायचे, स्वतः उभं राहून काम करायचे. असा ब्रॅकेट मी ऑफिसातसुद्धा बघितला नव्हता. कडा अशा की हात फिरवावासा वाटावा. रविवारी सकाळी जीपखाली शिरले, आणि बराच वेळ नुसता लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज येत राहिला. मग ते बाहेर आले आणि ब्रॅकेट माझ्या हातात दिला.

"उलटा झालाय."

खरंच उलटा होता. आरशात बघावा तसा. उजवीकडचे बोल्टचे कान डावीकडे.

मला तिथेच कळलं. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत ड्रॉइंग काढायची एक पद्धत आहे. वस्तूची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढायची. आमची गिऱ्हाइकं अमेरिकेची, त्यांची पद्धत याच्या उलट, डावी बाजू डावीकडेच. कुठली पद्धत वापरली ते समजावं म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, तुटक्या शंकूचं. ऑफिसच्या छापील चौकटीत ते आपोआप येतं. घरचं काम म्हणून मी कोरा कागद घेतला, हात सवयीने अमेरिकेच्या पद्धतीने चालला, आणि चिन्ह राहिलं. काकांनी ते जन्मभर वाचलं तसंच वाचलं.

"डोळ्यांनी दगा दिला बघ," ते म्हणाले. "साधं ड्रॉइंग वाचता येईना मला."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्याच आठवड्यात ऑफिसात माझं एक ड्रॉइंग चुकलं म्हणून परत आलं होतं, सगळ्यांसमोर ऐकून घेतलं होतं. मला जगात हे एकच काम येतं. आणि मी म्हटलं, "जाऊ द्या काका, होतं असं."

याहून हलकं वाक्य मी आयुष्यात बोललेली नाही.

काकांनी शेडमधून लाल रंगाचा डबा आणला. टूलरूमची रीतच होती, नापास पीसवर लाल रंग लावायचा, म्हणजे तो चुकून कुणी वापरू नये. त्यांनी ब्रॅकेटवर ब्रश फिरवला, वर्तमानपत्रावर वाळत ठेवला, व्हर्नियर पुसून पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाटक उघडलं तर जीपखाली पाय नव्हते. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मला कुणी बॅटरी धरायला सांगितलं नाही. मी सरळ वर गेले आणि मला वर बसवेना.

असेच दिवस गेले. काकूंनी जीपच्या बॉनेटवर कुरडया वाळत घालायला सुरुवात केली. एरवी काकांनी त्यांना जीपच्या जवळ फिरकू दिलं नसतं. एके दिवशी शेजारच्या गावातले एक शेठ आले. पिढीजात शेती, आता त्याच जमिनीवर लग्नाचं लॉन. कुणीतरी त्यांना जीपबद्दल सांगितलं होतं.

"काका, चालू नसली तरी आमाला चालंल," ते म्हणाले. "दाराशी नुसती उबी करू. नवरा-नवरी बसून फोटू काढतील."

काका म्हणाले, "घेऊन जा. काढा फोटो. मला तसंही काही दिसत नाही."

मी जिन्यात उभी होते. रविवारी सकाळी शेठ टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. मी गुरुवारची सुट्टी टाकली, खाली गेले आणि काकांना एका दमात सगळं सांगितलं.

"ड्रॉइंग आण."

मी आणलं. त्यांनी ते नाकापाशी धरून चारही कोपरे बघितले.

"चिन्ह नाही."

"नाही."

"म्हणजे मी वाचलं ते बरोबर वाचलं?"

"हो काका."

"उलटा झाला तो तरी बरोबर झाला? की त्यातही चुकलोय?"

"कुठेच नाही. मी तुमच्या नकळत ऑफिसच्या व्हर्नियरने मोजला. केसाइतका फरक नाही."

ते उठले. आत तोंड करून ओरडले, "अगं ए! मी बरोबर वाचलं! ऐकलंस का, बरोबर वाचलं मी!" काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. काकांनी रॉकेलचा बोळा घेऊन ब्रॅकेटवरचा लाल रंग घासून काढला, अगदी खाचांमधला सुद्धा, आणि तो ठोकळ्याच्या जुन्या जागी फळीवर ठेवून दिला. मग वळून मला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"अठरा दिवस झाले," ते म्हणाले. दिवसांचा आकडा त्यांना शोधावा लागला नाही.

त्यांनी लाल ब्रश उचलला आणि माझ्या ड्रॉइंगवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओढला. "खाली सही कर. नापास केलं की बनवणाऱ्याची सही लागते." मी सही केली. शेठना फोन गेला की गाडी आत्ता देत नाही. दोन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी फाटकातून आत आले तर काका म्हणाले, "मॅडम, कात्री आणा."

पुठ्ठ्यापासून परत सुरुवात. जाड, मरून रंगाची पत्रिका. काका जीपखाली शिरून बोटांनी चाचपून सांगायचे आणि मी पेन्सिलने खूण करून कापायचे. एकदा मी म्हटलं, रेघेवर बोट धरा, मी वाकवते. ते पत्रिकेवर बोट नुसतं फिरवत राहिले. "कुठाय रेघ?" त्यांना पेन्सिलची रेघ दिसतच नव्हती. कधीपासून दिसत नव्हती कोण जाणे. म्हणून ते माझ्या कॉम्प्युटरला इतक्या लगेच हो म्हणाले होते. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं.

या वेळी पोलाद नव्हतं, साधी प्लेट होती. काम चालू असतानाच तपासणीची तारीख आली. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. काकूंनी घरी येऊन लायसन देवघरात, गणपतीच्या मागे ठेवून दिलं. काकांनी ते परत मागितलं नाही.

ब्रॅकेट तेविसाव्या दिवशी जागेवर बसला. तपासणीनंतर नऊ दिवसांनी. पहिला ब्रॅकेट उलटा निघाला त्याच रविवारी मी तोंड उघडलं असतं, तर तपासणीच्या नऊ दिवस आधी बसला असता. हे गणित मी तेव्हा केलं आणि अजून करते. काकांनी ते माझ्यासमोर कधीच केलं नाही.

आकडा ठोकला त्या दिवशी मी ऑफिसात होते. टिटवाळ्याला लॉनवाल्या शेठनी गाडी चालवली. काकांनी तेवढं मात्र केलं, शेडपासून फाटकापर्यंत स्वतः आणली, पंधरा पावलं असतील, आणि फाटकाशी थांबून डाव्या सीटवर सरकले. रस्ताभर इंजिनाचा आवाज ऐकून शेठना सांगत होते, "तिसरा टाका. आता सोडा. वळताना ओढतेय का?" शेठ म्हणाले, "लोण्यावानी वळते, काका." काकू आणि मी मागे बसलो होतो. काकूंनी माझा हात धरला होता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता. महिनाभराने जीप शेठकडे गेली, दर आठवड्याला इंजिन चालू करायचं या एका अटीवर. पुढे मी जागा बदलली. गेल्या वर्षी काका गेले.

काल मी त्या लग्नाला गेले. जायचं नव्हतं, पण गेले. जीप दाराशीच होती, दिव्यांच्या माळा गुंडाळलेली. मुलं स्टिअरिंग फिरवत होती. मी तिथल्या राखणदाराला विचारलं, ही चालू होते का?

"दर मंगळवारी, ताई. शेठ एक वार सोडत नाय."

नवरानवरीचे फोटो झाले, गर्दी आत सरकली. मी पुढच्या चाकाशी पदर खोचून बसले आणि मोबाइलच्या उजेडात खालून बघितलं. तो ब्रॅकेट मीच कापलेल्या पुठ्ठ्याचा, पण त्यावरचा आकडा मी कधी बघितला नव्हता. मला तेवीस दिसायला हवे होते.

त्यावर एक्केचाळीस होते.

आधी वाटलं, डोळ्यांमुळे पंच चुकीचा उचलला असेल. पण ते पंच बोटांनी चाचपून उचलायचे, त्यात ते कधी चुकले नाहीत. मग मी मोजलं. तेवीस, आणि माझे अठरा.

"ताई, काही पडलं का तुमचं?" राखणदार विचारत होता.

मी नाही म्हटलं, पण उठले नाही. ते अठरा दिवस मी बोलत नव्हते आणि काका व्हरांड्यात बसून होते. पार्ट तेवढा वाट बघत होता.